बारावा अर्ज

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला, नकाशे आणि मोडकी बाके ठेवण्याच्या खोलीला लागून एक लहानसा वर्ग होता. शाळा सुटली की तिथे तासभर उर्दू शिकवली जाई. एकतीस वर्षे ती एकाच बाईने शिकवली होती. सारी शाळा तिला उस्तानीबाई म्हणे, आणि शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत कोणीही तिच्यासमोर आवाज चढवीत नसे. या वर्गावर गंडांतर आले ते एका कागदाच्या रूपाने.

कागद फार मोठा नव्हता. ज्या शाळेत घरी उर्दू बोलणारी निदान बारा मुले असतील, त्याच शाळेत यापुढे उर्दूचा वर्ग चालेल. पालकांनी मुलाची घरची भाषा अर्जात लिहून खाली सही करावी. शुक्रवारी दुपारपर्यंत बारा अर्ज न आल्यास वर्ग बंद समजावा. हे झाले पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक कलम होते. अशा मुलांची या देशाच्या सरकारी भाषेची चाचणी होईल, आणि जी कच्ची ठरतील ती वर्षभर आधार वर्गात बसतील.

आधार वर्ग हे कागदावरचे नाव. मुले त्याला 'कच्च्या लिंबांचा वर्ग' म्हणत. तिथे वर्षभर चित्रे दाखवून 'हे काय, ते काय' विचारीत, आणि तोवर मुलाचे गणित, त्याची बाकावरची जागा आणि त्या बाकावरचा सोबती, तिन्ही हातचे जात.

उस्तानीबाईंनी मागची बाजू एकदाच वाचली आणि कागद उलटा केला. ज्या बाईच्या दारी लोक मुलांना बोटाला धरून आणीत, ती बाई त्या आठवड्यात लोकांचे उंबरे झिजवीत फिरली. शिंप्याने मशीन न थांबवताच सही केली.

"लिहितो उर्दू, बाई. पण आमचं पोरगं घरी बोलतच नाही, मोबाईलशीच बोलतं. मोबाईलची घरची भाषा कोणती, तेही विचारतायत का?"

"तू तुझी लिही," बाई म्हणाल्या, "आणि शिलाई सरळ घाल. अक्षरासारखीच वाकडी जातेय."

असे करीत बुधवारपर्यंत अकरा अर्ज झाले. बाराव्यासाठी बाई जुळ्यांच्या आईकडे गेल्या. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग हात जोडले.

"एक विचारू, बाई? तुमच्या नातीचा अर्ज कितवा?"

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे आमची पोरं कच्ची लिंबं, आणि तुमची नात तेवढी पिकलेली?" तिने हे अगदी हळू आवाजात विचारले, म्हणूनच ते जास्त लागले. "राग मानू नका. तुम्हीच शिकवलंत, खरं बोलावं म्हणून."

दिव्याखाली अंधार, हे बाईंना कोणी सांगायला नको होते. त्यांची नात मिठ्ठू याच शाळेत तिसरीत होती. बडबडी म्हणून मिठ्ठू. सरकारी भाषा तिच्या तोंडात लाह्यांसारखी फुटे, आणि दादीची भाषा ती पाहुण्यासारखी वापरी, जपून आणि थोडी. त्या रात्रीचे जेवण आटोपताच बाईंनी अर्ज मुलापुढे ठेवला.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. नखांतले ग्रीस त्याच्या लग्नातही निघाले नव्हते. त्याने हात पुसले, कागद घेतला आणि थेट मागच्या बाजूने वाचायला सुरुवात केली.

"नाही, अम्मी."

"नाही म्हणजे?"

"मिठ्ठूची घरची भाषा शाळेत नाव घालताना लिहिलीय. सरकारी."

"आणि आत्ता माझ्याशी कोणत्या भाषेत बोलतोयस?"

"तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलतो. तिच्याशी तिच्या."

सूनबाई दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून आलेली. ताटे पुसता पुसता ती म्हणाली, "घरी शिकवा ना तिला. आम्ही कुठं अडवलंय? कागदावर कशाला हवं?"

"घरात कोंडलेली भाषा घरातच मरते, सूनबाई."

"मग मरू दे घरात, अंथरुणावर, चार माणसांत. पोरीच्या गळ्यात बांधून रस्त्यावर कशाला मारायची?" सूनबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण सुटलेला शब्द परत येत नाही.

मुलाने कागदाची घडी घातली. "अम्मी, मी तुमच्या पहिल्या बाकावरचा. माझ्यासारखं अक्षर तुमच्या वर्गात दुसऱ्या कोणाचं नव्हतं, तुम्हीच म्हणायचात. अठरा वर्षं झाली, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय. मागून आलेली पोरं खुर्चीत बसली. का? त्यांना अहवाल लिहिता येतो. मला लिफ्ट चालू करता येते, ती का बंद पडली ते चार ओळींत लिहिता येत नाही."

"त्यात उर्दूचा काय दोष?"

"दोष कोणाचाच नाही. पण सही करणार नाही."

त्याने घडी घातलेला कागद आईच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी. त्याला लहानपणी तसेच शिकवले होते.

आता बाईंच्या शिकवण्याची एक रीत सांगितली पाहिजे. पुढचे सारे तिच्यापायी घडले. चुकीच्या अक्षरावर त्या कधी लाल रेघ मारीत नसत. मुलाच्या मागे उभ्या राहून त्याचा हात आपल्या हातात घेत आणि ते अक्षर त्याच्याच लेखणीने पुन्हा काढीत. वळण हाताला कळेपर्यंत, दहा वेळा, वीस वेळा. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांची अक्षरे एका आईची लेकरे वाटत. मुलाला त्यांनी असेच घडवले होते. मोठेपणी तो उर्दू लिहायचा थांबला. फक्त सही उरली. पगारपत्रकावर, भाडेकरारावर, बँकेत, सगळीकडे तो उजवीकडून डावीकडे तीच एक वेलांटीदार सही करी, आणि ती सही सहा वर्षांच्या एका मुलाचा हात धरून बाईंनीच पहिल्यांदा काढली होती.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्या रिकाम्या वर्गात बसल्या. फळ्यावर आदल्या दिवशीचा धडा होता. त्यांनी बाराव्या अर्जावर मिठ्ठूचे नाव लिहिले, घरच्या भाषेच्या रकान्यात उर्दू लिहिले. हे खोटे नाही, असे स्वतःला बजावले. आणि मग खाली, एकदाही न थांबता, मुलाची सही केली. जन्मभर ज्या बाईने एका गुणाचीही खैरात केली नव्हती, तिने हे केले, आणि शिसपेन टोकदार करून पेटीत ठेवावी तसे ते प्रकरण मनात बंद केले.

मधल्या सुट्टीत त्यांनी मिठ्ठूला व्हरांड्यात गाठले.

"तुझं नाव माझ्या वर्गात घातलंय. घरी इतक्यात सांगायचं नाही. तू छान वाचायला लागलीस की अब्बांना एकदम वाचून दाखवू."

मिठ्ठूचे डोळे चमकले. गुपित म्हणजे तिचा जीव की प्राण.

"आणि बुधवारी एक साहेब प्रश्न विचारायला येतील. घाबरायचं नाही. विचारलं की आपल्या भाषेत उत्तर द्यायचं. मान खाली घालायची नाही. शब्द दे."

"दिला," मिठ्ठू म्हणाली आणि दादीच्या तळहातावर टाळी दिली.

बाईंच्या मनात होते ते इतकेच: घरी काय बोलता असे विचारले तर पोरीने लाजून भलते सांगू नये. उरलेल्या चाचणीची त्यांना काळजी नव्हती. पण मनात काय आहे ते सांगायला घंटेने वेळ दिला नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीला शब्द म्हणजे शब्दच असतो.

बुधवारी उर्दूच्या तासाला बारा मुले बसली. बाराव्या जागेवर मिठ्ठू. तास संपला, मुले गेली, आणि ती दादीच्या टेबलाला बिलगून उभी राहिली.

"दादी, मी शब्द पाळला."

"कसला गं?"

"साहेबांनी विचारलं, सफरचंद कुठंय. मी आपल्या भाषेत सांगितलं. आठवड्याचे वार विचारले, तेही. एक वार मला येत नव्हता, तर मी गप्प बसले, पण त्यांच्या भाषेत नाही सांगितला." ती हसली. "ते सारखं म्हणत होते, इकडच्या भाषेत बोल, बाळ. मी नाहीच बोलले. मान पण खाली नाही घातली."

समोरची मुलगी शाबासकीची वाट पाहत होती.

"शाबास," त्या म्हणाल्या. दुसरे काय म्हणणार होत्या?

दुसऱ्या दिवशी शाळा उघडण्यापूर्वीच त्या कार्यालयात होत्या. चाचणी घेणारा गृहस्थ सभ्य होता. त्याने उठून खुर्ची दिली.

"तिला येते हो सरकारी भाषा," बाई म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली येते. मी तिला सांगितलं होतं, आपल्या भाषेत उत्तर दे. माझी चूक झाली. पुन्हा विचारा तिला, पाच मिनिटं."

"बाई, सगळ्याच आज्या असं म्हणतात," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. "मी चोवीस प्रश्न विचारले. चोवीसपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. समजतं पण बोलत नाही, असा शेरा लिहिलाय. फेरचाचणी पुढच्या वर्षी."

एकतीस वर्षांत बाईंनी कुणाला 'कृपा करून' म्हटले नव्हते. त्या दिवशी तीनदा म्हटले. त्याने तिन्ही वेळा नियमावलीचे तेच पान उघडून दाखवले.

सोमवारी घरी पत्र आले आणि मुलाला शाळेत बोलावणे आले. मोठ्या बाईंच्या खोलीत तिघे बसले: मोठ्या बाई, उस्तानीबाई आणि मुलगा, कामाच्या कपड्यांत, टेबलापासून जरा मागे, खुर्चीला ग्रीस लागू नये म्हणून. कारकून फाईल घेऊन उभा.

"नाव घालताना तुम्ही घरची भाषा सरकारी लिहिली होती," कारकून म्हणाला, "आणि आता उर्दू. दोन्हींवर सही तुमचीच ना? की काही गोंधळ आहे?"

त्याने दोन्ही कागद समोर ठेवले. मुलगा वाकला. दुसऱ्या सहीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. शेवटच्या वेलांटीला बाई एक बारीक टिंब देत. तो कधीच देत नसे. खोलीत सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

"माझीच," तो म्हणाला.

"मग प्रश्न मिटला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलगी आजपासून आधार वर्गात. पालकांनी लिहून दिलेलं वर्षभर बदलता येत नाही. हां, अर्जच खोटा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण मग खोटी सही करणाऱ्याची नोकरी गेली असती, आणि वर्गही."

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "का हो म्हणालास?"

मुलगा दोन पायऱ्या पुढे होता. "नाही म्हणालो असतो तर उद्या सगळं गाव म्हणालं असतं, उस्तानीबाई खोटारडी. तुमच्यापाशी दुसरं आहे काय, अम्मी?" तो थांबला, पण वळला नाही. "मला वाटलं होतं, तिचं तरी माझ्यासारखं होऊ देणार नाही तुम्ही."

त्यानंतर घरात भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. सूनबाई 'अम्मी, वाढू का' इतकेच विचारी. मुलगा कामावरून येई, जेवी, झोपे. आणि मिठ्ठू बोलेनाशी झाली.

पहिल्या आठवड्यात ती कमी बोले. दुसऱ्या आठवड्यात तिने मान हलवण्यावर काम भागवायला सुरुवात केली. तिची जुनी मैत्रीण एकदा दाराशी आली. 'तू आता कच्चं लिंबू ना, मग तुला राज्य नाही,' असे म्हणून, त्यात आपण काही वाईट बोललो हे न कळताच, उड्या मारीत निघून गेली. उर्दूच्या तासाला मिठ्ठू येऊन बाराव्या जागेवर बसे. बाई मागे उभ्या राहून तिचा हात हातात घेत. पूर्वी मुलांचे हात ओढ घेत, हट्ट करीत, चुकीकडे धावत. हा हात कुठेच जात नव्हता. न्याल तिकडे येई आणि सोडला की पडे.

एका रविवारी घरात दोघीच होत्या. मिठ्ठू खिडकीशी बसली होती, दोन्ही ओठ आत घेऊन.

"बोल की गं," बाई म्हणाल्या. "काहीही बोल. दादीवर राग काढ. पण बोल."

मुलीने पुष्कळ विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली, मोठ्या माणसासारखी. मग ती कुजबुजली, "कोणत्या भाषेत?"

पन्नास वर्षांपूर्वी बाई या देशात आल्या तेव्हा दुकानात उभ्या राहून, जिन्नसाचे नाव न आल्याने, रिकामी पिशवी घेऊन परतल्या होत्या. ती पिशवी घेऊन घरापर्यंत केलेली वाट त्यांना आठवली. आपण भाषा राखली ती त्या वाटेवर कोणी पुन्हा एकटे पडू नये म्हणून, असे त्या जन्मभर समजत आल्या होत्या. आणि आता खिडकीशी ही बसली होती.

सोमवारी दुपारी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, चष्मा पुसला आणि कार्यालयात जाऊन कारकुनासमोर उभ्या राहिल्या.

"बाराव्या अर्जावरची सही माझी आहे. मुलाची नाही."

कारकून हसला. "काय बाई, चेष्टा करता?"

"मी कधी चेष्टा केलेली तुला आठवते?"

त्याचे हसू मावळले. मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी दार लावून घेतले, बाईंना बसवले. "हे मी ऐकलं नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "तुमच्या मुलानं सही मान्य केलीय. घरी जा. वर्ग चालू आहे, अकरा मुलं शिकतायत. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"वर्ष आठ वर्षांच्या मुलीचं आहे. तुमचं-माझं नाही."

"निदान निवृत्ती मागा. मी कारण लिहीत नाही."

"कारण लिहा. कारण लिहिल्याशिवाय तो अर्ज खोटा कसा ठरेल?"

मोठ्या बाईंनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने कोरा कागद पुढे केला आणि चाचरत म्हणाला, "सरकारी भाषेत लागेल, बाई."

ती भाषा बाई वाचीत, बोलत. लिहायची वेळ त्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्यांवर ढकलली होती. लेखणी डावीकडून उजवीकडे निघाली आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळली. अक्षरे मोठी आली, ओळ खाली उतरली. ज्या हाताने शेकडो हात धरले होते, तो धरायला तिथे कोणी नव्हते. कारकून दुसरीकडे पाहत होता. एकदा त्यांनी शब्द विचारला, त्याने सांगितला. चार ओळींना पाऊण तास लागला. 'मी माझ्या मुलाची सही केली. त्याला माहीत नव्हते. मुलीला सरकारी भाषा येते. तिने माझे ऐकले.' खाली त्यांनी सही केली, उजवीकडून डावीकडे, आणि शेवटच्या वेलांटीला टिंब दिले. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी धरले. दोन्ही टिंबे एकाच माणसाची होती.

"उद्यापासून ती तिच्या वर्गात," मोठ्या बाई म्हणाल्या. मग थांबून, "किल्ली."

बाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या सवयीने शाळेत आल्या. दुसऱ्या मजल्यावर अकरा मुले कुलपासमोर रांगेत उभी होती. रांग त्यांनीच शिकवली होती. शिंप्याच्या मुलाने मोबाईल खिशात घातला. "बाई, किल्ली विसरलात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वर्ग संपला."

"पण आता तर सुरू होणार होता."

बाईंनी एकेकाच्या वहीत पाहिले. अकरा वह्यांत एकच अक्षर होते, त्यांचे. "घरी लिहीत राहा," त्या म्हणाल्या, आणि आपण सूनबाईचाच सल्ला देत आहोत हे त्यांना बोलता बोलता कळले. मुले थोडी घुटमळली आणि जिन्याकडे पांगली. उशीर न होता घरी जायला मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही, आणि बाईंनी त्याबद्दल त्यांना दोष दिला नाही.

तेवढ्यात खालून दंगा ऐकू आला. तिसरीचा वर्ग आज उशिरा सुटला होता. मिठ्ठू दप्तर हेलकावत, मैत्रिणीशी सरकारी भाषेत कशावरून तरी कडाकडा भांडत, रोजच्या सवयीने तासाला म्हणून जिना चढून येत होती. मधे श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. दादीला पाहताच ती गप्प झाली. बंद दाराकडे तिने पाहिले, कुलपाकडे पाहिले. तिचे ओठ आत जाऊ लागले.

बाई पटकन पुढे झाल्या. नातीशी ज्या भाषेत त्यांनी आजवर एक शब्दही उच्चारला नव्हता, त्या भाषेत, अडखळत, चुकीचे हेल काढीत त्या म्हणाल्या, "जा. मैत्रीण थांबलीय."

मैत्रीण त्या हेलावर फिसकन हसली. मिठ्ठू हसली नाही. "जाते, दादी," असे त्याच भाषेत म्हणून ती निघाली. पाचव्या पायरीवर तिचे भांडण पुन्हा सुरू झाले, आणि बाई कठड्याला धरून, जिन्यात ते विरेपर्यंत, त्यातले कळेल तेवढे ऐकत उभ्या राहिल्या.